ओंडक्याचे मोल आणि वनाचे मोल : इंडोनेशिया व मलेशियाच्या कठीण लाकूड व्यापाराची तुलना

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



दोन देशांच्या निर्यातीचे आकडे शेजारी शेजारी मांडून कोणता देश पुढे गेला हे ठरविणे वरकरणी सोपे वाटते. परीक्षेतील उत्तरपत्रिकांत बहुधा हेच केलेले आढळते. तथापि, आकडा जितका स्वच्छ दिसतो तितका तो बोलका असतोच असे नाही. कोणत्या वस्तूचा, कोणत्या किमतीला, कोणत्या चलनात आणि कशाच्या बदल्यात तो मिळविला गेला, हे प्रश्न विचारल्याखेरीज तुलना अपुरी राहते. या दृष्टीने अभ्यासण्याजोगे एक उत्तम उदाहरण म्हणजे इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन शेजारी देशांचा कठीण लाकडाचा व्यापार होय.

ही जोडी निवडण्यास सबळ कारण आहे. बोर्निओ हे बेट या दोन्ही देशांत विभागलेले आहे. ब्रुनेई हा त्या बेटावरील तिसरा देश. सीमेच्या अलीकडे आणि पलीकडे वन एकच, पाऊस एकच आणि वृक्षही त्याच जातींचे. मेरांती, केरुइंग, कापूर ही तेथील प्रमुख व्यापारी लाकडे ज्या कुळातील आहेत, त्याच कुळात भारतातील साल वृक्ष मोडतो. निसर्गाने जवळजवळ समान भांडवल दिलेल्या या देशांनी वेगवेगळी धोरणे स्वीकारली. त्यामुळे त्यांच्या निर्यातमूल्यात जो फरक पडला, त्यातील बराचसा धोरणामुळे पडला असे म्हणता येते. सामाजिक शास्त्रांत अशी प्रयोगसदृश परिस्थिती क्वचितच लाभते.

काही मूलभूत संज्ञा

‘कठीण लाकूड’ ही संज्ञा वनस्पतिशास्त्रीय आहे. रुंद पानांच्या सपुष्प वृक्षांचे लाकूड ते कठीण लाकूड. चीड, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांचे ते मृदू लाकूड. प्रत्यक्ष कठीणपणाशी या वर्गीकरणाचा थेट संबंध नाही. काडेपेटीसाठी वापरले जाणारे सावरीचे हलके लाकूडही शास्त्रीयदृष्ट्या कठीण लाकडातच मोडते.

आंतरराष्ट्रीय व्यापारात वस्तूंची नोंद सुसंगत वर्गीकरण प्रणालीनुसार होते. तीत ओंडक्यांसाठी ४४०३, सहा मिलिमीटरपेक्षा अधिक जाडीच्या कापीव लाकडासाठी ४४०७, खाचा-जिभा पाडलेल्या किंवा कडा घडविलेल्या पट्ट्यांसाठी ४४०९ आणि प्लायवुडसाठी ४४१२ हे शीर्षांक आहेत. फळीला नुसता रंधा मारला तर ती ४४०७ मध्येच राहते. तिच्या कडेला खाच पाडली की ती ४४०९ मध्ये जाते. म्हणून कापीव लाकडाची निर्यात घटली याचा अर्थ लाकडाची निर्यात घटली असा होत नाही. कदाचित तेच लाकूड पुढच्या शीर्षकाखाली गेलेले असते. इंडोनेशियाच्या बाबतीत ही सावधगिरी विशेष आवश्यक ठरते.

इंडोनेशिया : बंदीतून उद्योगाकडे

१९६७ मध्ये इंडोनेशियाने विदेशी गुंतवणूक कायदा आणि मूलभूत वनकायदा केला. सुमात्रा व कालिमांतानमधील विस्तीर्ण वनक्षेत्रे तोडीच्या सवलतींवर कंपन्यांना देण्यात आली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हा देश जगातील सर्वांत मोठा उष्णकटिबंधीय ओंडका निर्यातदार बनला होता. परंतु ओंडका जपानमध्ये गेला की तेथील कारखान्यात त्याचे प्लायवुड होई आणि मूल्यवर्धनाचा लाभ तिकडेच राही. जपानमध्ये ओंडक्यांवर आयात शुल्क नव्हते, प्लायवुडवर मात्र होते. प्रक्रियेची पायरी चढेल तसे शुल्क वाढविणाऱ्या या रचनेमुळे कच्चा माल विकणारा देश कच्च्या मालापाशीच अडकून पडतो.

यावर उपाय म्हणून १९८० पासून ओंडक्यांच्या निर्यातीवर टप्प्याटप्प्याने निर्बंध आले आणि १९८५ मध्ये ती पूर्णपणे बंद झाली. देशात शंभराहून अधिक प्लायवुड कारखाने उभे राहिले आणि इंडोनेशिया उष्णकटिबंधीय प्लायवुडचा जगातील अग्रगण्य निर्यातदार झाला. १९८९ मध्ये कापीव लाकडावरही जबर निर्यात कर बसला. परिणामी कापीव लाकडाची निर्यात खाली आली आणि प्लायवुड व घडीव वस्तूंची वाढली. केवळ ४४०७ चा आलेख पाहणाऱ्यास ही घसरण अपयशाची वाटेल. वस्तुतः ती धोरणाने घडवून आणलेली होती.

या यशाची दुसरी बाजूही आहे. निर्यातबंदीमुळे देशांतर्गत बाजारात ओंडक्याची किंमत जागतिक किमतीच्या बरीच खाली राहिली. कारखान्यांना हे अप्रत्यक्ष अनुदानच होते. स्वस्त मिळणारी वस्तू जपून वापरली जात नाही, या नियमानुसार ओंडक्यातून उपयुक्त माल काढण्याचे प्रमाण कमी राहिले आणि नासाडी वाढली. कारखान्यांची क्षमता वनांच्या शाश्वत उत्पादनापेक्षा अधिक झाली, तेव्हा कारखाने चालू ठेवण्यासाठी आणखी वृक्ष तोडणे ही जणू गरज बनली. प्लायवुड निर्यातीवर एका उत्पादक संघटनेचे घट्ट नियंत्रण होते आणि तिचे नेतृत्व राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचे निकटवर्ती बॉब हसन यांच्याकडे होते. मूल्यवर्धन झाले, परंतु त्याचे वाटप मोजक्या हातांत झाले.

मलेशिया : एक देश, तीन धोरणे

मलेशियाचा आकडा हा प्रत्यक्षात तीन प्रदेशांच्या आकड्यांची बेरीज आहे. तेथील संघराज्यात भूमी व वने हे विषय राज्यांकडे आहेत. द्वीपकल्पीय मलेशियाने १९७२ पासून काही निवडक जातींच्या ओंडक्यांची निर्यात रोखली आणि १९८५ मध्ये ती सर्व जातींना लागू केली. बोर्निओवरील साबाह व सारावाक ही राज्ये मात्र ओंडके विकत राहिली, कारण त्यांच्या महसुलाचा मोठा भाग लाकडाच्या स्वामित्वधनातून येत असे. साबाहने १९९३ मध्ये निर्यातबंदी केली, पुढे ती शिथिल केली आणि २०१८ मध्ये पुन्हा लागू केली. त्यामुळे १९८५ नंतर इंडोनेशियाची जागा रिकामी झाली, तेव्हा ओंडक्यांच्या जागतिक बाजारात ती प्रामुख्याने साबाह व सारावाक यांनी भरून काढली.

याची किंमत सारावाकच्या वनांना मोजावी लागली. १९८७ मध्ये पेनान या आदिवासी जमातीने तोडीचे रस्ते अडविले आणि हा प्रश्न जगापुढे आला. योकोहामा येथे मुख्यालय असलेल्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय लाकूड संघटनेच्या अभ्यासगटाने १९९० मध्ये सारावाकमधील वार्षिक तोड ९२ लाख घनमीटरांवर आणावी अशी शिफारस केली. प्रत्यक्ष तोड त्या वेळी याच्या जवळजवळ दुप्पट होती. म्हणजे निर्यातमूल्याचा आलेख ज्या वर्षांत सर्वांत डौलदार दिसतो, त्याच वर्षांत वनाचे मूळ भांडवल खर्ची पडत होते.

द्वीपकल्पीय मलेशियाने आणखी एक वाट चोखाळली. रबराची झाडे पंचवीस-तीस वर्षांनी चीक देईनाशी झाली की तोडावी लागतात. पूर्वी ते लाकूड बहुतांशी सरपणात जाई. योग्य प्रक्रिया केल्यास त्यापासून फिकट रंगाचे उत्तम फर्निचर बनते, हे ध्यानात आल्यावर १९८० च्या दशकापासून जोहोर राज्यातील मुआर आदी ठिकाणी हा उद्योग फोफावला. रबर लाकूड देशातच वापरले जावे यासाठी १९९० च्या दशकात त्याच्या कापीव मालाच्या निर्यातीवर शुल्क व कोटा यांची बंधने आली. आज मलेशियाच्या लाकूडजन्य निर्यातीत फर्निचरचे स्थान सर्वांत मोठे आहे. नैसर्गिक वन न तोडता मिळविलेले हे मूल्य आहे, आणि म्हणूनच ते त्याच रकमेच्या ओंडका निर्यातीपेक्षा वेगळ्या प्रतीचे आहे.

मूल्याची फोड : एक काल्पनिक उदाहरण

निर्यातमूल्य म्हणजे परिमाण गुणिले एकक मूल्य. हे साधे सूत्र विसरल्यास कशी फसगत होते ते पाहू. समजा, आधारवर्षी ‘क’ देशाने १० लाख घनमीटर कापीव लाकूड प्रति घनमीटर २०० डॉलर दराने आणि ‘ख’ देशाने ५ लाख घनमीटर ४०० डॉलर दराने विकले. दोघांचे निर्यातमूल्य प्रत्येकी २० कोटी डॉलर. दहा वर्षांनी ‘क’ १५ लाख घनमीटर त्याच २०० डॉलर दराने विकतो, तर ‘ख’ ५ लाख घनमीटरच ६०० डॉलर दराने विकतो. दोघांचे मूल्य ३० कोटी डॉलर, वाढ प्रत्येकी ५० टक्के. मूल्याच्या आलेखात दोन्ही रेषा एकमेकींवर पडतील. पण ‘क’ ने आता दीडपट लाकूड विकले, ‘ख’ ने जराही अधिक नाही. ओंडक्यातून साधारणतः निम्मेच कापीव लाकूड हाती येते असे धरले, तर ५ लाख घनमीटर अधिक कापीव लाकडासाठी ‘क’ च्या वनातून सुमारे १० लाख घनमीटर ओंडके अधिक निघाले.

आता भाववाढीचा विचार करू. या दहा वर्षांत सर्वसाधारण किमती २५ टक्क्यांनी वाढल्या असतील, तर ३० कोटी डॉलरचे आधारवर्षाच्या किमतीतील मूल्य २४ कोटी होते. वाढ ५० टक्क्यांची नव्हे, २० टक्क्यांची झाली. ‘क’ च्या एका घनमीटरला वास्तव किमतीत २०० ऐवजी १६० डॉलरच मिळाले, तर ‘ख’ ला ४०० ऐवजी ४८०. एकाने अधिक वन देऊन कमी दर घेतला. दुसऱ्याने तेवढेच वन देऊन अधिक दर मिळविला. चालू किमतीतील एका आकड्यामागे इतका फरक दडलेला असू शकतो.

चलन, संकट आणि आकड्यांचा भ्रम

१९९७-९८ च्या आशियाई वित्तीय संकटात ही बाब ठळकपणे दिसून आली. संकटापूर्वी एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया मिळत. जानेवारी १९९८ मध्ये हा दर १०,००० च्या पलीकडे गेला. मलेशियाने सप्टेंबर १९९८ मध्ये डॉलरचा दर ३.८० रिंगिट असा निश्चित केला आणि तो जुलै २००५ पर्यंत टिकविला. अशा काळात रुपियातील निर्यातमूल्य अनेक पटींनी वाढलेले दिसते, मात्र डॉलरमधील मूल्य घटलेले असू शकते. म्हणून दोन देशांची तुलना करताना समान चलन हवे आणि शक्य तेथे परिमाणाची वेगळी मालिकाही हवी.

याच संकटात इंडोनेशियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावे लागले. जानेवारी १९९८ च्या करारपत्रानुसार लाकडावरील निर्यात कर टप्प्याटप्प्याने उतरविण्याचे आणि प्लायवुड निर्यातीवरील मक्तेदारी नियंत्रण संपविण्याचे मान्य झाले. त्याच सुमारास सुहार्तो राजवट कोसळली, विकेंद्रीकरण झाले आणि वनांवरील देखरेख सैल पडली. अवैध तोड इतकी वाढली की ऑक्टोबर २००१ मध्ये ओंडक्यांच्या निर्यातीवर पुन्हा बंदी घालावी लागली.

आरशातील आकडे

एका देशाची निर्यात ही दुसऱ्या देशाची आयात असते. तेव्हा दोन्ही बाजूंचे आकडे ताडून पाहता येतात. या पद्धतीला ‘प्रतिबिंब सांख्यिकी’ म्हणता येईल. निर्यातीची नोंद जहाजावर माल चढेपर्यंतच्या किमतीत होते, तर आयातीच्या किमतीत वाहतूक व विमा मिळविलेला असतो. म्हणून थोडा फरक स्वाभाविक आहे. नाणेनिधी दीर्घकाळ तो १० टक्के गृहीत धरत असे. फरक याहून फार मोठा असेल, तर चुकीचे वर्गीकरण, तिसऱ्या बंदरामार्गे पुनर्निर्यात किंवा चोरटा व्यापार यांपैकी काहीतरी घडत असते.

इंडोनेशिया व मलेशिया यांच्यात ही तफावत राजनैतिक वादाचा विषय झाली. कालिमांतानमधील तांजुंग पुतिंग या राष्ट्रीय उद्यानातूनही रामिन वृक्षाची चोरटी तोड होत होती. इंडोनेशियाने २००१ मध्ये रामिनचा समावेश वन्य प्रजाती व्यापारविषयक ‘साइट्स’ कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात करून घेतला. २००४ मध्ये तो दुसऱ्या परिशिष्टात गेला. मलेशियाने २००२ मध्ये इंडोनेशियन ओंडक्यांच्या आयातीवर बंदी घातली. याचा अभ्यासकासाठी अर्थ असा की, त्या वर्षांतील एका देशाच्या निर्यातमूल्यात दुसऱ्या देशाचे वन नोंद न होता मिसळलेले असू शकते.

वजाबाकीचा हिशेब

या चर्चेचा गाभा राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबाशी निगडित आहे. कारखान्यातील यंत्र झिजले की घसारा वजा होतो. वन तुटले तर मात्र विकलेल्या लाकडाची किंमत उत्पन्नात जमा होते आणि गमावलेल्या वनाची वजाबाकी कोठेच होत नाही. रॉबर्ट रेपेटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटतर्फे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही वजाबाकी इंडोनेशियासाठी करून दाखविली. १९७१ ते १९८४ या काळात त्या देशाचे स्थूल देशांतर्गत उत्पादन वर्षाला सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढले होते. खनिज तेल, वने आणि मृदा यांचा ऱ्हास वजा केल्यावर हा दर सुमारे ४ टक्क्यांवर आला. विकासाचा जवळजवळ निम्मा दर म्हणजे साठा विकून केलेली गुजराण होती.

पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या सांख्यिकी आयोगाने २०१२ मध्ये पर्यावरणीय-आर्थिक लेख्यांची मध्यवर्ती चौकट आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारली. भारतातही प्रा. पार्थ दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये हरित राष्ट्रीय लेख्यांविषयीचा अहवाल सादर केला.

भारताचा संबंध

भारत या कथेचा केवळ प्रेक्षक नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने वनांचे प्रमुख उद्दिष्ट महसूल नसून पर्यावरणीय स्थैर्य हे असल्याचे स्पष्ट केले. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशाने वनांतील तोडीला मोठा लगाम बसला. बांधकाम व फर्निचरची मागणी मात्र वाढतच होती. ती आयातीने भागविली गेली. भारतात कापीव लाकडापेक्षा ओंडक्यांवर सीमाशुल्क कमी ठेवलेले असल्याने ओंडकेच अधिक आले. कांडला बंदर व गांधीधाम परिसरात आरागिरण्यांचे मोठे केंद्र उभे राहिले आणि सारावाकच्या ओंडक्यांना भारत ही महत्त्वाची बाजारपेठ झाली.

शेजारच्या देशांतही हेच घडले. पुरांच्या धक्क्यानंतर थायलंडने १९८९ मध्ये आणि चीनने १९९८ मध्ये नैसर्गिक वनांतील तोड रोखली. मागणी मात्र सीमेपलीकडे सरकली. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हा सागवानाचे भारतीय व्यापारी इतर देशांकडे वळले. आपले वन वाचविणे आणि जगाचे वन वाचविणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे यातून उघड होते.

नियमांची बदलती चौकट

व्यापार कराराच्या दृष्टीनेही हा विषय महत्त्वाचा आहे. गॅटच्या अकराव्या कलमानुसार निर्यातीवर संख्यात्मक बंदी सर्वसाधारणपणे निषिद्ध आहे. निर्यात करावर तशी सरसकट मनाई नाही. संपुष्टात येऊ शकणाऱ्या नैसर्गिक संपत्तीच्या रक्षणासाठी विसाव्या कलमात अपवाद आहे, परंतु तशीच बंधने देशांतर्गत उत्पादनावर वा वापरावरही असली पाहिजेत. इंडोनेशियाने ओंडक्यांबाबत वापरलेली नीती २०१४ मध्ये आणि पुन्हा २०२० पासून निकेलच्या खनिजाला लावली. युरोपीय संघाच्या तक्रारीवर जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने नोव्हेंबर २०२२ मध्ये इंडोनेशियाच्या विरोधात निर्णय दिला आणि इंडोनेशियाने अपील केले.

दरम्यान ग्राहक देशही लाकडाचा उगम विचारू लागले. इंडोनेशियाने युरोपीय संघाशी २०१३ मध्ये स्वेच्छा भागीदारी करार केला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये वैधतेचे परवाने देणारा तो जगातील पहिला देश ठरला. मलेशियाने अशा वाटाघाटी २००७ मध्येच सुरू केल्या होत्या, पण करार झाला नाही. वनांवरील राज्यांचे अधिकार हा त्यातील मोठा अडसर होता. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वनऱ्हासमुक्त उत्पादनांचा कायदा केला. त्याची अंमलबजावणी एकापेक्षा अधिक वेळा पुढे ढकलली गेली आहे.

समारोप

दोन देशांच्या निर्यातमूल्याची दीर्घकालीन तुलना करावयाची झाल्यास काही कसोट्या सदैव ध्यानात ठेवाव्यात. वस्तूचे वर्गीकरण काळात बदलले आहे काय. किमती चालू आहेत की स्थिर. चलन समान आहे काय. वाढ परिमाणाची आहे की एकक मूल्याची. समोरच्या देशाचे आकडे जुळतात काय. आणि आधारवर्ष सामान्य होते की संकटाचे. १९९८ हे आधारवर्ष धरले तर नंतरची प्रत्येक वाढ भव्य दिसेल, यात नवल नाही.

इंडोनेशियाने बंदीच्या बळावर उद्योग उभारला, पण वन स्वस्त केले. मलेशियाच्या एका भागाने ओंडके विकून महसूल मिळविला, तर दुसऱ्याने टाकाऊ समजल्या जाणाऱ्या रबराच्या झाडातून फर्निचरचा व्यवसाय घडविला. यांपैकी कोणता मार्ग श्रेयस्कर, याचे उत्तर एका आलेखातील उंच रेषा देऊ शकत नाही. उद्या प्रशासनात जाऊन खनिज, मासळी, भूजल वा वन यांविषयी निर्णय घेणाऱ्यांनी जमेच्या रकान्याइतकेच खर्चाच्या रकान्याकडे पाहण्याची सवय आजच लावून घेतली पाहिजे. कारण ज्या झाडाला वाढावयास शंभर वर्षे लागतात, त्याची नोंद व्यापाराच्या खात्यात केवळ एकाच वर्षी होते.